श्रावण नाना ऐकतात तेव्हा

जळगावात आम्ही तिघं दर रविवारी सकाळी चहाला भेटतो. भेटताना ठरवतो, आज नानांचा विषय काढायचा नाही. कोल्हे सर तर शपथच घालतात. आणि पहिला कप संपायच्या आत त्यांच्याच तोंडून निघतं, "अरे, नानांचं ते तुम्हाला सांगितलं का?"

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. लग्नघराच्या दाराशी चपला साठतात तसे साठतात, आणि कोणाची कुठली तेही नंतर कळत नाही. पारसभाऊ माझा किस्सा स्वतःचा म्हणून सांगतात, मी त्यांचा. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आम्ही तिघं म्हणजे मी, शाळेत संगीत शिकवणारी. पारसभाऊ, त्यांचं भांड्यांचं दुकान. आणि कोल्हे सर, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. श्रावण नाना म्हणजे धुळ्याला पेट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. हार्मोनियमच्या पेट्या. दुकान एवढंसं, पाटीवर फक्त 'पेटी दुरुस्ती'. त्या पाटीमागच्या कपाटात नानांनी स्वतः रचलेल्या संगीताच्या एकोणीस वह्या आहेत, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. धुळ्यालाही नव्हतं.

आणि त्या वह्यांतली एकही रचना पेटीवर वाजत नाही!

* * *

सुरुवात माझ्या शाळेच्या पेटीपासून झाली. तिचा गांधार उतरला होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. जळगावचा आमचा नेहमीचा कारागीर आजारी, म्हणून कोणीतरी सांगितलं, धुळ्याला पाठवा.

आठवड्याने पेटी परत आली. भात्याला चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर मोत्यासारखं: "आपला गांधार बरोबर होता. बाकीचे अकरा चुकले होते. सुधारले आहेत."

माझं डोकंच फिरलं. मी कोल्हे सरांना बोलावलं. त्यांच्या फोनवर सूर मोजायचं ॲप आहे. त्यांनी एकेक पट्टी दाबून बघितली आणि चेहरा पाडून म्हणाले, "मॅडम, सगळी पेटी बिघडवली त्याने. ॲप एकाही सुराला हिरवा दिवा देत नाही."

तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. दुसरी पेटी नव्हती. मी तीच घेऊन मैदानावर बसले आणि वाजवायला लागले.

आठशे मुलं रोज जी प्रार्थना रेटून नेतात, तीच त्यांनी त्या दिवशी म्हटली. पण दुसऱ्या ओळीपासून काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. ओरडा कमी झाला. आवाज एकमेकांत मिसळायला लागले. शेवटच्या 'सा'वर आठशे मुलं अशी थांबली, की एकच कोणीतरी गात होतं असं वाटावं. हेडमास्तर चष्मा काढून इकडेतिकडे बघत राहिले.

कोल्हे सर फोनकडे बघत उभे होते. म्हणाले, "मशीन म्हणतंय चूक. कान म्हणतोय बरोबर. आणि मी आयुष्यभर मशीनच्या बाजूने शिकवलं!"

मग त्यांनाच राहवेना. नानांना फोन लावला आणि विचारलं, "बाकीचं सोडा, पण षड्ज कसा चुकू शकतो? तिथूनच तर सगळे सूर मोजतात!"

पलीकडून शांत आवाज आला, "तुम्ही तिथून मोजता. गांधाराला विचारा ना, तो कुठून मोजतो."

* * *

पुढच्याच सुट्टीला आम्ही तिघं धुळ्याला गेलो. मी मनात दहा प्रश्न घोकून ठेवले होते. दुकानात पाय टाकला तर नानांनी तोंडावर बोट ठेवलं.

"थांबा. गहू संपतोय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग लक्षात आलं. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. तिची घरघर चालू होती, ती हळूहळू पोकळ होत गेली, क्षणभर नुसती फिरली आणि पुन्हा भरली. जरा जड, जरा ओलसर.

"दादर," नाना म्हणाले आणि वहीत एक रेघ ओढली. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी.

मी उठून पलीकडे जाऊन आले. गिरणीवाला खरंच डब्यातून दादर ओतत होता! मी परत येऊन बसते न बसते, तोच नाना भिंतीकडे तोंड करून ओरडले, "दगड जवळ आले रे! पीठ करपेल!"  लगेच पलीकडच्या घरघरीचा सूर किंचित खाली आला.

निघताना मी गिरणीवाल्याला विचारलं, "तुम्ही पीठ हाताला लावून बघत नाही का?"

तो म्हणाला, "कशाला बघू? नानांची हाक येते ना."

त्या दिवशी पहिल्यांदा वही उघडून पाहिली. सारेगम नाही, ताल नाही. रेघा, ठिपके, मध्येच पोकळ जागा, आणि वर नाव: 'गिरणी, बाजाराच्या आदल्या दिवशीची'. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत सबंध दिवस होता. मी दहा प्रश्न विचारायला गेले होते. एकही विचारला नाही.

* * *

आता पारसभाऊंचा. हा खरंच त्यांचा.

एकदा नाना जळगावला त्यांच्या दुकानात आले. पारसभाऊ गोडाऊनला गेले होते, गल्ल्यावर त्यांचे वडील होते. बाबूजी जुने मारवाडी व्यापारी, पांढरीशुभ्र टोपी, तोंडात मोजके शब्द. गाणंबजावणं म्हटलं की कपाळाला आठी.

नाना म्हणाले, "पातेलं दाखवा."

एक दाखवलं. नानांनी बोटाच्या पेराने टिचकी मारली, कान लावला, बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. मांडणीवरची सगळी झाली तेव्हा वरच्या फळीवरची काढायला लावली. दोन तास झाले. नोकर दमला. बाबूजींची आठी गडद होत चालली.

शेवटी अगदी कोपऱ्यातलं एक पातेलं निघालं. पोचा पडलेलं, बाजूला टाकलेलं. नानांनी टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"हे."

बाबूजी म्हणाले, "भाईसाब, याला पोचा आहे. दुसरं घ्या."

"पोचा सरळ केलात तर मला नको."

"काहून?"

नानांनी आधी चांगल्या पातेल्यावर टिचकी मारली. टण्ण! मग पोच्याच्या पातेल्यावर. तो आवाज निघाला, वळला आणि जाताजाता मागे बघितल्यासारखा पुन्हा एकदा आला.

बाबूजी गल्ल्यावरून उठून जवळ आले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतः हात पुढे केला आणि टिचकी मारली. मग आणखी एक.

पारसभाऊ परत आले तर दोघं म्हातारे पालथी मांडलेली भांडी वाजवत बसलेले, आणि तीन गिऱ्हाइकं दारात उभी!

तेव्हापासून बाबूजी कुठलंही भांडं टिचकी मारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. घाईतलं कोणी विचारलं, "शेठ, फुटकं आहे का?" तर म्हणतात, "नाही. ऐकून घ्या, मग घेऊन जा."

* * *

कोल्हे सरांचे एक मित्र पुण्याला संगीताचे प्राध्यापक. सरांनी त्यांना नानांच्या वहीचे फोटो पाठवले. त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी ते स्वतः धुळ्याला आले. आम्ही चौघं त्या एवढ्याशा दुकानात दाटीवाटीने बसलो.

प्राध्यापकांनी दोन तास वह्या चाळल्या. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "नाना, युरोपात लोक या ठिकाणी पोचायला किती धडपडले! तुम्ही शिकलात कोणाकडे? गुरू कोण?"

"होता ना. धुळे स्टेशनात. गाडी आली की चाकांवर हातोडी मारत शेवटपर्यंत जायचा. माझे वडील हमाल होते, त्यांच्याबरोबर जायचो मी."

प्राध्यापकांना आवरेना. उठून उभेच राहिले. "नाना, हे तर काळाच्या पुढचं, अवाँ-गार्द आहे!"

नानांनी मान हलवली. "गार्ड नव्हता हो. गार्ड शिट्टी वाजवतो. हा हातोडी मारायचा."

आम्ही इतके हसलो, की गिरणीवाला काय झालं म्हणून बघायला आला. नानाही हसले. मग हसू ओसरल्यावर, स्क्रू पिळता पिळता, कोणाला उद्देशून नाही असं बोलले.

"शेकडो चाकं असायची. सगळी सारखी. हा नुसता आवाज ऐकून सांगायचा, याला आत चीर आहे. बाहेरून दिसायचं काहीच नाही. पण सगळी गाडी थांबवायचे त्याच्या एका शब्दावर. मला वाटलं, ऐकणं म्हणजे एवढं असतं."

प्राध्यापक परतीच्या गाडीत चाकांच्या आवाजाला कान लावून बसले होते. चाळीसगावपर्यंत सर सोबत होते, ते सांगतात.

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पारसभाऊ सांगतात, आणि तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून मीच सांगते.

एकदा नाना म्हणाले, "बाई, तुम्ही गाता ना? गा."

मी बावीस वर्षं शिकवते आहे. परीक्षांना परीक्षक म्हणून जाते. मी छान बैठक मारली आणि सकाळचा राग मांडला. ताना स्वच्छ आल्या. मलाच बरं वाटलं.

नानांनी पूर्ण ऐकलं. मग हळूच विचारलं, "चांगलं आहे. कोणाचा आवाज हा?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या गुरूंचा आहे, की त्यांच्या गुरूंचा?"

मी उठले आणि निघून आले. एसटीत खिडकीशी बसून रडले. महिनाभर घरात गुणगुणलेसुद्धा नाही. शिकवताना नुसती पेटी वाजवायची. शिकवणं सोडावं इथपर्यंत विचार गेला होता.

मग एका सकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी करत होते. एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्याने तवा बघायचा, लक्ष कशातच नाही. यजमान पेपर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "कोण गातंय?"

मी म्हटलं, "कोण म्हणजे? मीच."

"हो?" ते म्हणाले. "पंचवीस वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता."

मी भाकरी तव्यावर तशीच टाकून नानांना फोन लावला. त्यांना म्हटलं, "सापडला." मग नाना म्हणाले, "भाकर करपी ऱ्हायनी, बाई. वास नही, आवाज येस."

खरंच करपली होती!

* * *

नानांच्या चौदाव्या वहीत एक रचना आहे, 'केळी'. वर सूचना लिहिली आहे: "वाजवणारा वारा. ऐकणाऱ्यांनी वेळेवर यावे. वाजवणारा येईलच असे नाही."

ती ऐकायला आम्ही सावद्याला गेलो. पारसभाऊंच्या ओळखीच्या एका आबांची केळीची बाग. आम्ही बांधावर सतरंजी टाकून बसलो. नाना, आम्ही तिघं आणि शाळेतल्या दोन शिक्षिका. आबा पाणी घेऊन आले आणि विचारलं, "कशासाठी बसलेत?"

"वाऱ्यासाठी," पारसभाऊ म्हणाले.

आबांनी तांब्या खाली ठेवला. "अहो, वारा येऊ नये म्हनून मी रोज हात जोडतो! एका वाऱ्यात मागं अर्धी बाग आडवी झाली माही. अन् तुम्ही त्याची वाट पाहून राह्यले?"

आम्ही ओशाळलो. नाना उठले, आबांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा. नको असेल तर आम्ही जातो."

आबा गेले नाहीत. आम्हीही उठलो नाही. एक तास पान हललं नाही. दुसऱ्या तासाला शिक्षिका घड्याळ बघायला लागल्या. कोल्हे सर हवेचा दाब वगैरे समजावून सांगत होते, त्यांना नानांनी गप्प केलं.

आणि मग बागेच्या पार पलीकडच्या टोकाला काहीतरी कुजबुजलं.

वाऱ्याने केळीच्या पानांच्या आधीच चिंध्या केलेल्या असतात. प्रत्येक पानाची चिंधी वेगळ्या रुंदीची. पहिल्या ओळीतून सुळसुळ आली, दुसरीतून जाड फडफड, मग कोवळ्या अखंड पानांचा घुमारा, खालून, छातीत जाणवणारा. तो आमच्याकडे ओळीओळीने चालत आला. आमच्या डोक्यावरून गेला. अंगावर काटा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. माझ्या शेजारच्या शिक्षिकेने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

मग सगळं थांबलं. एकही झाड पडलं नव्हतं.

आबा उठून पहिल्या ओळीतल्या केळीला हात लावून आले. मग म्हणाले, "एवढी वर्सं वारा आला की मी पडलेली झाडं मोजायचो. आज पह्यल्यांदा ऐकला."

* * *

आणि आता हा.

एरंडोलजवळ एका खेड्यात नानांची बहीण दिलेली. तिथे एक जुनी, रुंद, खोल विहीर आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं आणि आत काही बोललं की आवाज भिंतींना फिरत फिरत वर येतो. नानांनी त्या विहिरीसाठी एक रचना लिहिली होती. सूचना दोनच ओळींची: "वाजवणाऱ्या: गावात लग्न होऊन आलेल्या सगळ्या. शब्द: माहेरचं नाव."

आमच्याकडे पुष्कळ घरांत लग्नात मुलीचं नावही बदलतात. ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनं संपलं.

नानांच्या बहिणीने घरोघरी जाऊन बायका जमवल्या. पण पुरुषांसमोर कोण तोंड उघडणार? म्हणून गावातल्या सगळ्या पुरुषांना दुपारी मारुतीच्या पारावर पाठवलं. पारसभाऊ आणि सरही गेले. नाना स्वतः लांब लिंबाखाली पाठ करून बसले. विहिरीपाशी फक्त आम्ही बायका.

आधी नुसतं खिदळणं. मग एक धीट निघाली. काठावर वाकली आणि ओरडली, "कुसुऽऽम!" विहिरीने ते घेतलं, फिरवलं आणि परत दिलं. सगळ्या काठाशी सरकल्या.

मग दुसरी, "ताराऽऽ!" मग "गोदी!" "शकुंतला!" पहिलं नाव विरायच्या आत दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. एक नवी सून म्हणाली, "माझं तर नाव बदललंच नाही. मी काय म्हणू?" नानांची बहीण म्हणाली, "मंग जोरमा म्हन!" ती सगळ्यांत जोरात ओरडली. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं. शेजारशेजारच्या घरांत तीस वर्षं काढलेल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुझं नाव तारा? खरंच?"

शेवटी एकच राहिली. गाव तिला मोठी माय म्हणतं. नव्वदीच्या पुढची असेल, कमरेत वाकलेली. आधार कार्डावर सुभद्राबाई, पण ते सासऱ्याने ठेवलेलं.

"माय, तुन्हं नाव काय व्हतं?" नानांच्या बहिणीने विचारलं.

तिने मान हलवली. "याद नही. धाकली व्हतू मी, लगीन व्हयनं तवय. कोनी हाकच मारी नही मंग त्या नावनी."

बायका तिला नावं सुचवायला लागल्या. ही का? ती का? लिंबाखालून नानांचा आवाज आला, तो दिवसभरातला एकमेव. "बठ्ठ्या चूप बसा. तिले ऐकू द्या."

आम्ही चूप बसलो. ऊन रणरणत होतं. विहिरीत एक पारवा फडफडला आणि थांबला. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मोठी माय उठली. दोघींनी धरून तिला काठाशी नेलं. ती वाकली. आणि तिने नाव घेतलं नाही. तिची आई संध्याकाळी दारात उभी राहून तिला जशी हाक मारायची, ती आख्खी हाक तिने विहिरीत सोडली, आईच्याच हेलात.

"चिंधीऽऽ... घर ये वं! भाकर व्हयनीऽऽ!"

विहिरीने ती हाक फिरवली. एकदा, दोनदा. आणि खालून, खोलवरून वर आली: चिंधीऽऽ... घर ये वं...

म्हातारीने पदर सावरला. कान पुढे केला. आणि लहान पोरीच्या आवाजात विहिरीला उत्तर दिलं.

"उनू वं माय, उनू!"

आले गं आई, आले.